रात्री पंप बंद करण्यापूर्वी

दिवसा दुकानाच्या गडबडीत ज्याचे अस्तित्वही जाणवत नाही, तो फिश टँकचा पंप रात्री दहानंतर सगळ्या घराचा धनी होऊन बसतो. शटर खाली येते, टीव्ही बंद होतो, रस्त्यावरची वाहने थांबतात आणि कोपऱ्यातून एकसुरी घरघर ऐकू येऊ लागते. प्राणहितेच्या काठी, आलापल्लीच्या सागवानी जंगलाच्या शेजारी वसलेल्या अहेरीसारख्या गावी ती अधिकच बोचते. मोठ्या शहरात रात्रभराची वर्दळ घरातील बारीकसारीक आवाज झाकून टाकते. येथे झाकणारे काही नसते. त्यातच पुढे दुकान आणि मागे राहणे अशी व्यापारी घराची जुनी रचना. गल्ल्याजवळ शोभेसाठी ठेवलेली टाकी आणि आजींचे अंथरूण यांच्यामध्ये एकच भिंत असते. पहाटे सामायिकास बसणाऱ्या माणसाला तर ती घरघर जणू कानाशी धरल्यासारखी वाटते.

मग व्हायचे तेच होते. कोणीतरी उठून बटण बंद करतो आणि घर शांत झोपते. सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकताना दिसतात, किंवा एखादा उलटा तरंगताना आढळतो. दोष खाद्याला दिला जातो, पाण्याला दिला जातो, मासे विकणाऱ्याला दिला जातो. रात्री बंद केलेले बटण कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते बंद करणे हा घराच्या दृष्टीने अगदी निरुपद्रवी उपाय असतो.

प्रत्यक्षात पंप बंद करण्यास रात्रीइतकी वाईट वेळ दुसरी नाही. टाकीत हिरव्या वनस्पती असतील तर त्या उजेडात प्राणवायू सोडतात. अंधार पडला की त्याही माशांप्रमाणेच प्राणवायू घेऊ लागतात. म्हणजे रात्री देणारे कमी आणि घेणारे अधिक. शिवाय पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर सुमारे साडेसात आणि ३५ अंशांवर जेमतेम सात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा दुकानातील काचेच्या टाकीचे पाणी रात्रीही कोमटच असते. त्यात आणखी एक अडचण आहे. गरम पाण्यात माशाचे शरीर अधिक वेगाने चालते आणि त्याला प्राणवायूही अधिक लागतो. मे महिन्यातील रात्र म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त असे खाते. त्यातून पंपाचीही जमा थांबवली तर शिल्लक पहाटेपूर्वीच संपते.

फिल्टर थांबवण्याचा परिणाम याहून खोल असतो. फिल्टर म्हणजे कचरा अडवणारी गाळणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पाणी गाळून वापरण्याची सवय असलेल्या घरांत तर ती सहज रुजते. परंतु फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर असंख्य जीवाणू वसतीला असतात आणि खरे काम ते करतात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया हा माशांना विषच. हे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांनाही प्राणवायू लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी काही तास अडकून राहिले की ही वसाहत गुदमरते.

मासे पाळावेत की नाही, हा प्रश्न जैन घरात निघतोच, आणि तो निघावाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आहे आणि अन्नपाननिरोधही आहे. काही घरे या कारणास्तव टाकी ठेवतच नाहीत. ज्यांच्या घरी ती आहे, मग ती मुलाच्या हट्टाने आलेली असो वा कोणी वास्तूसाठी सुचवलेली असो, त्यांच्या माशांचा श्वास आता भिंतीवरच्या एका बटणावर अवलंबून आहे. नदीतला मासा पाणी बिघडले तर दुसरीकडे जातो. काचेतल्या माशाला ती सोय नाही. तेव्हा आवाज कमी करायचा तो पंप चालू ठेवूनच, ही येथील पहिली अट.

आवाज किती असावा, याला माप आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत परिसरातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती घराबाहेरच्या आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीतील सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. मोबाइलवरील मापन अ‍ॅपवर फार विसंबू नये. पंपाची घुमारणारी खालची पट्टी फोनचा माइक नीट पकडत नाही. कान अधिक विश्वासू आहेत.

आवाज कोठून येतो हे कळण्यासाठी हवेच्या लहान पंपाची रचना पाहावी. आत तारेचे वेटोळे असते. त्यातून घरातील वीज वाहते आणि तिची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. त्यासरशी एका पट्टीवर बसवलेले चुंबक सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि पट्टीच्या टोकाशी जोडलेला रबरी पडदा भात्याप्रमाणे हवा ढकलतो. हिशेब केला तर दिवसाला ४३ लाख २० हजार हेलकावे होतात. वर्षाचे दीडशे कोटींहून अधिक. इतके काम करणारे चार-पाच रुपयांच्या नाण्याएवढे रबर कधीतरी कडक होणार, फाटणार किंवा एका बाजूने सुटणार, यात नवल नाही. पंपाचा आवाज एकाएकी वाढून बुडबुडे मात्र कमी झाले, तर पडदा गेला असे समजावे. तो बदलता येतो. पंप नवा घ्यावा लागतोच असे नाही, जरी दुकानदार तसे सांगतो.

पुष्कळदा पडदा ठीक असतो आणि दोष पाण्यातल्या एअर स्टोनचा असतो. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार आणि शेवाळ त्याच्या छिद्रांत बसते. हवा बाहेर पडू शकत नाही, मागे दाब वाढतो आणि पंप कण्हू लागतो. नळी एअर स्टोनपासून काढून पाहावी. आवाज लगेच उतरला तर गुन्हेगार सापडला. दहा-वीस रुपयांचा दगड न बदलल्याने पडदा फाटतो, हा व्यवहार काही शहाणपणाचा नाही. दुसरी चूक खरेदीतली. दोन फुटी टाकीसाठी चार नळ्यांचा मोठा पंप आणायचा आणि मग हवा फार होते म्हणून नॉब आवळून टाकायचा. आवळलेला नॉब आणि बुजलेला दगड यांचा पंपावरील परिणाम एकच. जादा हवा टी-जोडातून मोकळी सोडून द्यावी, म्हणजे पंप मोकळा श्वास घेतो.

तथापि रात्री जो आवाज छळतो तो बहुधा पंपाचा नसतोच. तो पंपाखालच्या वस्तूचा असतो. तानपुऱ्याची तार दोन खिळ्यांत ताणून छेडली तर शेजारच्यालाही ऐकू येत नाही. भोपळ्यावर चढली की खोली भरते. पंप ही तार आहे आणि प्लायचे कपाट, पत्र्याचा रॅक, काचेचे शोकेस हे भोपळे आहेत. चालू पंप हातात उचलून धरावा. आवाज निम्म्याहून कमी झाला, तर उपचार पंपावर नव्हे, बैठकीवर करायचा आहे, हे निश्चित. जुन्या रबरी चपलेचा तळवा कापून त्याचा तुकडा खाली ठेवावा, किंवा जाड स्पंज. घडी केलेले फडके दोन दिवसांत दबून जाते. सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे पंप दोरीने भिंतीच्या खुंटीला टांगणे. त्याला कंप देण्यास जागाच उरत नाही. मात्र ती भिंत झोपण्याच्या खोलीची नसावी. हवेची नळी काचेला किंवा झाकणाला घासत असेल तर तीही थरथर पोहोचवते. तिला थोडा झोळ द्यावा. पंप बंद डब्यात कोंडू नये वा पांघरुणात गुंडाळू नये. तो तापतो आणि रबर लवकर मरते. खुद्द टाकीखाली थर्माकोलची सपाट पट्टी असावी. ती काचेवरचा ताणही सारखा वाटून देते.

कंप केवळ माणसांनाच त्रास देतो असे नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. पाण्याची बारीक हालचाल तो तिच्यामुळे जाणतो. गोल्डफिश तर रोहू-कटल्याच्याच कुळातला. या कुळात पोटातील हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणाऱ्या बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात गोल्डफिशना पाण्यात मोठ्या आवाजात ठेवले असता अवघ्या १० मिनिटांत त्यांचे ऐकणे मंदावले, आणि २१ दिवस आवाजात ठेवलेल्यांना पूर्ववत होण्यास १४ दिवस लागले. तो आवाज घरगुती पंपाहून पुष्कळ मोठा होता, हे खरे. तरीही काचेला टेकून थरथरणारा पंप माशाच्या बाजूने कसा भासत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पाण्यात बुडवून ठेवलेल्या फिल्टरची गोष्ट थोडी निराळी. त्यात चुंबकाचा फिरता दांडा आणि त्याला पंख असतात. बहुतेक लहान फिल्टरांत तो मिनिटाला ३००० फेरे घेतो. वाळूचा एक कण, गोगलगाईचे एक पिल्लू किंवा क्षाराचा थर आत गेला की तो खडखडतो. प्लग काढल्यावरच हात पाण्यात घालावा, पंख उपसून काढावा, जुन्या टूथब्रशने घासावा आणि क्षार बसला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात तासभर ठेवून स्वच्छ धुवावा. दांड्याच्या टोकांना असलेल्या रबरी टोप्या हरवतात. त्यांच्यावाचून आवाज कधीच थांबत नाही. बाहेर ठेवण्याच्या डब्याच्या फिल्टरमध्ये हवा अडकली असेल तर तो गुळगुळतो. चालू असताना हलकेच कलता केला की हवा निघून जाते. काठावर अडकवलेल्या फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज उन्हाळ्यात वाढतो, कारण बाष्पीभवनाने पातळी उतरते आणि धार उंचावरून पडते. त्याला औषध म्हणजे दोन तांबे पाणी. स्पंज धुताना एक पथ्य पाळावे. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने जीवाणूंची वसाहत धुऊन जाते.

एका प्रसंगी रात्री हवेचा पंप खरोखर बंद ठेवता येतो. बुडबुड्यांतून पाण्यात थेट फार थोडा प्राणवायू जातो. ते पृष्ठभाग ढवळतात आणि हवा तेथून पाण्यात मिसळते. फिल्टरचे तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाण्यावर सतत तरंग उठत राहिले, मासे गर्दीने नसले आणि पाणी फार तापलेले नसले, तर हवेचा पंप विसावू शकतो. फिल्टर मात्र नाही. विजेच्या खर्चाचे कारण तर कोणी सांगूच नये. ५ वॉटचा पंप वर्षभर अखंड चालला तर ४३.८ युनिट होतात. युनिटचा दर १० रुपये धरला तरी ४३८ रुपये.

जंगल-तालुक्यात आणखी एक हात बटण बंद करत असतो, तो वीजपुरवठ्याचा. वादळात तारेवर फांदी पडली की वीज किती वेळाने येईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी पंप कोठे ठेवला आहे याला जिवाची किंमत आहे, आणि ती केवळ माशांच्या जिवाची नाही. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर वीज जाताच हवा थांबते आणि पाणी नळीतून उलटे खाली उतरू लागते, पंपात शिरते, बोर्डापर्यंत पोहोचते. वीज परत येते तेव्हा तो ओला पंप आणि टाकीत हात घालणारे मूल यांच्यामध्ये काहीच आड नसते. नळीत एकेरी झडप बसवली की हे टळते. ती बाण पाहून योग्य दिशेने बसवावी. पंप पातळीच्या वर टांगला तर आवाजाचा आणि उलट्या पाण्याचा, दोन्ही प्रश्न एका खुंटीवर सुटतात. नुसता वर ठेवलेला पंप थरथरत सरकतो आणि पाण्यात पडतो, म्हणून तो बांधलेलाच हवा. वायरीला बोर्डाखाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो टाकीच्या आधी बसवून घ्यावा.

इन्व्हर्टर असलेल्या घरांतून एक तक्रार येते, ती अशी की वीज गेली की पंप अधिकच गुरगुरतो. पंप बिघडलेला नसतो. स्वस्त, जुन्या धाटणीचे इन्व्हर्टर गोलाईची लहर न देता पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात आणि चुंबकावर चालणारी उपकरणे त्यावर कुरकुरतात; पंखाही कुरकुरतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास नाही. टाकीपुरते पाहायचे तर सेलवर चालणारा छोटा पंप पुरे. तोही नसेल तर टाकीतले भांडेभर पाणी वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतावे, असे दर काही वेळाने करावे, आणि त्या काळात खाद्य बंद ठेवावे. अनेक तासांनी वीज आली की डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नये. आत कुजलेले पाणी एकदम टाकीत येते. ते आधी फेकून द्यावे. या बाबतीत हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर उजवा ठरतो, कारण तो उघड्या पाण्यातच असतो. अहेरीसारख्या ठिकाणी तोच पसंत करावा.

एवढी यातायात ज्यांना नको, त्यांच्यासाठी पंपावाचूनचा मार्गही आहे, आणि तो पंपाहून जुना आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५० साली वनस्पती, गोगलगायी आणि मोजके मासे यांचा मेळ घालून काचेच्या भांड्यातील पाणी टिकवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेव्हा घरात वीजच नव्हती. गडचिरोली जिल्ह्याला तर याचे उदाहरण दूर शोधायला नको. हिवतापाशी झुंजणाऱ्या या जिल्ह्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडले जातात, आणि ते कोणत्याही पंपावाचून जगतात. रुंद तोंडाचे भांडे, भरपूर वनस्पती, थोडेसे गप्पी आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे, इतके त्यांना पुरते. गुरामी आणि फायटर हे मासे तर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. गोल्डफिशला हा मार्ग लागू नाही. तो मोठा होतो आणि पुष्कळ घाण करतो; लहान गोल भांड्यात त्याला ठेवणे म्हणजे संथ उपासमारच.

कंटाळून टाकी काढून टाकायची ठरली, तर मासे प्राणहितेत किंवा गावच्या तळ्यात सोडण्याची कल्पना मनात येते, आणि ती जीवदयेपोटी येते. परंतु शोभेचे बहुतेक मासे परदेशी आहेत. काही तेथे दोन दिवसही टिकत नाहीत; जे टिकतात ते रोग नेतात, स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातात. सांभाळणारे दुसरे घर शोधावे किंवा मासे विकणाऱ्याकडे परत द्यावेत. परत करताना टाकीतले पाणीच सोबत द्यावे.

राहता राहिले सुटे भाग. ते चंद्रपूर किंवा नागपूरहून आणावे लागतात, आणि पावसाळ्यात नाले भरले की गाडीचा भरवसा नसतो. जून लागण्यापूर्वी एक पडद्यांचा जोड, दोन एअर स्टोन, एक झडप आणि दोन हात नळी आणून गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवावी. फिल्टरचा पंख मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. त्याचा क्रमांक फिल्टरच्या तळाशी कोरलेला असतो. क्षाराने तो दिसेनासा होण्याआधी वहीत उतरवून घ्यावा.